वाळली त्या क्रमाने

दाभोळच्या धक्क्यावर पोचलो
तेव्हा फेरीबोट चार हात पाण्यात गेलेली.
खलाशाने हात हलवला,
निरोपाचा की नकाराचा, कळलं नाही.
पुढची पाऊण तासाने.
माझ्या पिशवीत पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत
सगळी वजनं, कारण मी काटे तपासतो,
मासळीवाल्यांचे, रेशनवाल्यांचे,
आणि सावली म्हणाल तर
बर्फाच्या कारखान्यावरचं वाचनालय तेवढं.

परकार बाई रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाल्या,
चपला बाहेर. पिशवीही ठेवा बाहेर,
इथे कोणी काही नेत नाही.
पुस्तकंसुद्धा.

कपाटांपुढे उभा राहिलो आणि गोंधळलो.
विहिरीच्या खोदकामाशेजारी कुणाची प्रेमपत्रं,
त्यांना खेटून होमिओपॅथी,
मग एका निवृत्त न्यायाधीशाच्या आठवणी,
मग नारळावरची कीड, भाग दुसरा.
विषयवार नाही, लेखकवार नाही,
उंचीप्रमाणेही नाही.

"वादळात पत्रे उडाले," बाई म्हणाल्या,
"दोन दिवस सगळं भिजत पडलं.
मग तांडेलांनी बोंबलांच्या दांड्या मोकळ्या करून दिल्या.
पानं फाकवून, उलटी, ओळीने टांगली.
जे आधी वाळलं ते आधी आत आलं.
कवितेची बारकी पोरं दुपारीच तयार.
जाड कादंबऱ्यांनी आठवडा खाल्ला,
त्या खालच्या फळीवर आहेत, अजून कुरकुरतात.
नंतर नीट लावू म्हटलं होतं."

एकेक उचलत गेलो.
हाताला सवय आहे, काय करणार.
प्रत्येक पुस्तक दिसतं त्याहून तोळाभर जड.
पाणी गेलं, मीठ राहिलं.
माझ्या खात्यात ह्याला खोट म्हणतात
आणि पावती फाडतात.

तिसऱ्या फळीवर, टोकाला,
एक पुस्तक अर्ध्या नावाचं.
पाठीवर फक्त "ची ओळख".
कशाची, ते वाळताना शेजाऱ्याला चिकटून निघून गेलेलं,
आणि शेजारी?
"तो एकच गेला बघा," बाई म्हणाल्या, "चिपळूणला.
तिकडेच राहिला."

मधूनच उघडलं.
लिहिणारा कुणी शाळामास्तर असावा, घाई नाही त्याला.
म्हणतो, हा एक जीव नव्हे, दोन आहेत.
बुरशी घर बांधते, शेवाळ रांधतं,
आणि दोघं मिळून जे दिसतं
त्याला आपण दगडफूल म्हणतो.

दगडफूल!
आमच्याकडे ते मसाल्याच्या डब्यात असतं,
लवंगेच्या खाली, काळं, कुरकुरीत.
मटणात त्याचा वास येतो एवढंच मला ठाऊक.
बेचाळीस वर्षं मी एक बिऱ्हाड
भाजून, कुटून खात आलो
आणि कुणी सांगितलं नाही.

पुढे लिहिलं होतं, काही जातींत वाढ
वर्षाला मिलिमीटरभर, कधी तेवढीही नाही.
मिलिमीटर मला कळतो.
मी खालीच बसलो, कपाटाला पाठ लावून.
भोंगा वाजला. फेरी आली. गेलीही असणार.

सभासद व्हायचं तर पन्नास रुपये अनामत
आणि गावातला पत्ता.
गावात माझा पत्ता नाही.
बाईंनी पेनाचं टोपण दातात धरलं,
जरा खाडीकडे बघितलं,
मग रकान्यात लिहिलं:
फेरीबोट, येता-जाता.

बोटीवर, दोन मोटारसायकली आणि
एका शेळीच्या मध्ये बसून,
लहान काटा काढला, पुस्तक ठेवलं.
चारशे दहा ग्रॅम, मिठासकट.
शेळीवाला म्हणाला, कितीला देता?

धोपाव्याला उतरलो. गुहागरच्या गाडीला अवकाश होता.
जांभ्याच्या कठड्यावर करडा, कडेला हिरवट,
बशीएवढा एक डाग.
अकरा वर्षं मी ह्याच कठड्याला टेकून
गाडीची वाट बघतोय.
आज टेकणार होतो,
तेवढ्यात जरा सरकून उभा राहिलो.